कुठलं नीट?

भव्याची वही आता माझ्याकडे आहे. अद्वैत दुपारी झोपला की उघडते. तो झोपतो जेमतेम चाळीस मिनिटं, त्यातली दहा त्याच्या मुठीतून माझं बोट सोडवण्यात जातात.

बंगळुरात, मल्लेश्वरमच्या आमच्या गल्लीत एक रेन ट्री आहे. संध्याकाळी त्याची पानं मिटतात. गेल्या वर्षी शेजारी नवा पांढरा दिवा लागला, आणि नववीतली भव्या मला जिन्यात अडवून म्हणाली, "अक्का, दिव्याजवळची फांदी उशिरा झोपते. का?"

मी नागपूरची. बाळासाठी प्रयोगशाळा सोडून घरी बसलेली. 'का' असं मला कुणी विचारून वर्ष झालं होतं. दुसऱ्याच दिवशी तिला वही आणून दिली.

मग रोज सहाला ती फांदीखाली, आणि अद्वैतला कडेवर घेऊन मी बाल्कनीत.

"नीट मोज गं!"

"नीटच मोजतेय! तुमचं बाळ रडतंय, ते बघा जरा स्वल्प!"

शंभर दिवसांच्या नोंदी पाठवल्या आणि एका संशोधन संस्थेनं तिला निवडलं. दोन वर्षं, दर रविवारी, शास्त्रज्ञांसोबत स्वतःच्या प्रश्नावर काम. फक्त वडिलांची सही हवी होती, शुक्रवारच्या आत.

तिचे अप्पा, खंडोजीअण्णा, कोपऱ्यावरचे टेलर. घराणं कित्येक पिढ्यांचं इथलंच. मराठी बोलतात, पण निम्मी कानडीत भिजलेली. मी दुकानात गेले तेव्हा मशीन धडधडत होतं आणि अद्वैत खांद्यावर भोकाड पसरून होता. घाईघाईत बोलले.

"अण्णा, पोर फार हुशार आहे. तिला नीट करू द्या."

मशीन थांबलं. "नीट? आमची भव्या?"

"हो. दोन वर्षं लागतील. रविवार तेवढे तिला द्या."

"जमेल तिला?"

"तिला नाही तर कुणाला जमणार?"

त्यांनी गळ्यातली टेप काढून हळूच टेबलावर ठेवली. "सरी अक्का, ठीक. तुम्ही शिकलेल्या. तुमचा शब्द."

मी उड्या मारायचंच बाकी ठेवलं. दुसऱ्या दिवशी अद्वैतला ताप भरला आणि पुढचा आठवडा दवाखान्यात गेला.

घरी परतल्यावर भव्या आली. हातात म्हैसूरपाकाचा डबा, त्याच्यावर वही.

"अप्पांनी दिलाय. ही तुमची वही."

"माझी कशी? आणि सही झाली ना?"

"कसली सही? मला क्लासात घातलंय. डॉक्टरकीच्या परीक्षेच्या. रविवारी सकाळी सात ते दुपारी दोन." ती माझ्याकडे बघत नव्हती. "फॉर्म दाखवला तर अप्पा म्हणाले, अक्कांनीच सांगितलंय, हे झाडबीड नको. तुम्ही सांगितलं म्हणून मी भांडलेपण नाही."

"मी? मी म्हटलं, तिला नीट…"

"तेच तर! तुम्हीच म्हणालात. मला रोज ओरडायच्या, नीट बघ, नीट मोज, आणि अप्पांना मात्र…"

ती थांबली. फांदी मोजताना मधेच काही खटकलं की थांबायची, तशी.

"अक्का. तुम्ही कुठलं नीट म्हणालात?"

"साधं नीट गं. व्यवस्थित."

"अप्पांना तुमचं नीट माहीतच नाही," ती हळूच म्हणाली. "तुमच्या 'नीट कर'ला आमच्या घरात 'सरी कर' म्हणतात. नीट म्हणजे परीक्षा."

मी तिच्यासमोरच संस्थेत फोन लावला. फोनवरच्या बाई चांगल्या होत्या, खूप हळहळल्या. शुक्रवारी सही आली नाही म्हणून जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली होती.

"मी अण्णांशी बोलते. निदान क्लास तरी…"

"नको." तिनं माझा हात धरला. "दुकानात येईल त्याला सांगताहेत, माझी भव्या डॉक्टर होणार. काल तर माप घेताना रडले. त्यांना चूक कळली ना, तर शरमेनं ते परत कधी कुणाला माझ्याबद्दल काही विचारणार नाहीत."

दारातून ती मागे वळली. "सहाला मोजाल ना? मार्चपर्यंत रकाने आखलेत."

मोजते मी. अद्वैत कडेवर असतो, आकडे वेडेवाकडे येतात. दिव्याजवळची फांदी अजून उशिराच मिटते. रविवारी भव्या त्या झाडाखालून जाते, पाठीवर जाड पुस्तकं, मान खाली. वर बघत नाही.

अद्वैत आता हातानं भात खातो, सगळा अंगावर सांडतो. काल मी 'नीट खा' म्हणणार होते.

"सरी खा रे राजा," म्हटलं. "सरी खा."