तंबूतलं पाणी

तंबूच्या खुंट्या ठोकायला माती लागते आणि बोरिवलीच्या गच्चीवर असते नुसती लादी. म्हणून ऋतिकाने दोऱ्या टाकीच्या पाइपला आणि विटांना बांधल्या आणि आईला आत बसवलं. आई म्हणजे नलिनी. वय साठीला टेकलेलं, पण चौकसपणा शाळकरी पोरीचा. "स्कॉटलंडचा पाऊस कसा असतो गो? आपल्या मालवणसारखा धो-धो, की नुसतीच पिरपिर?" हे तिने इतक्या वेळा विचारलं की शेवटी लेक म्हणाली, "माझ्याबरोबर येऊन स्वतःच बघ ना!" आणि बोलून फसली.

कारण ऋतिका तिथल्या डोंगरांत पाठीवर बॅग टाकून चालणार होती आणि मुक्काम तंबूत करणार होती. मग तिने अट घातली. "भर पावसात एक दुपार तंबूत काढायची. झोपायची बॅग कोरडी राहिली तर तू येतेस. भिजली तर मी एकटी जाणार. तिकडच्या थंडीत ओल्या बॅगेत वाट लागते, आई."

दुपार सरली. वरून थेंब टपकत होते आणि बॅग चांगलीच ओली झाली होती.

"गळका तंबू दिलाय मेल्यांनी," नलिनीने जाहीर करून टाकलं.

पाऊस थांबल्यावर ऋतिकाने तंबू आतून पुसला आणि वरून बादल्या ओतल्या. आत टिपूसही आला नाही. मग पाणी आलं कुठून? लेकीला त्याचं फार काही पडलं नव्हतं. "जाऊ दे ना यार. आल्यावर आपण महाबळेश्वरला जाऊ," ती म्हणाली.

ते महाबळेश्वर नलिनीला फार लागलं. जन्मभर पाऊस आला की खिडक्या लावा, गाद्या सरकवा, कपडे आत घ्या, एवढंच तिच्या वाट्याला आलं होतं. पाऊस नुसता बघायला ती कधी बसलीच नव्हती. तिला आता बसायचं होतं, आणि तेही आपल्या लेकीच्या शेजारी.

दुसऱ्या दिवशी लेक ऑफिसला गेली, तशी ती छत्री आणि रात्रभर पंख्याखाली वाळवलेली झोपायची बॅग घेऊन गच्चीवर गेली. कालच्यासारखीच तंबूत बसली आणि छताकडे टक लावून राहिली. बाहेर पाऊस झोडपत होता. बऱ्याच वेळाने कापडावर आतून बारीक दव धरलं. त्याचे थेंब झाले आणि एक तिच्या नाकावर पडला. मोदकपात्राच्या झाकणाला आतून धरतं, तसंच ते पाणी होतं.

तिने आजूबाजूला पाहिलं. कालच तिने आत नाडी बांधून त्यावर ओले नॅपकिन वाळत घातले होते, ते अजून ओलेच होते. पावसाळ्यात कपडे घरातच वाळतात, त्यात काय एवढं! वर हवेसाठी दोन खिडक्या होत्या. लेकीने उघड्या ठेवायला बजावलं होतं, पण झड येईल म्हणून हिने त्या कालही आणि आजही गच्च लावून घेतल्या होत्या.

"अगो बाई," ती एकटीच हसत सुटली, "म्हणजे मीच गळतेय!"

तिने नॅपकिन बाहेर फेकले. खिडक्या उघडायला मात्र हात धजेना. भर पावसात खिडकी उघडायची? शेवटी डोळे मिटून तिने चेन ओढली. गार वारा आत आला, पायांवर चार तुषार उडाले, एवढंच. संध्याकाळी आईचं सगळं ऐकून ऋतिकाने ती कोरडी बॅग सगळीकडून चाचपून पाहिली आणि ती फोनवर आईच्या मापाचे बूट शोधायला बसली.

सप्टेंबरात स्कॉटलंडच्या एका तळ्याकाठी त्यांचा पहिला मुक्काम पडला. पाऊस ना धो-धो, ना पिरपिर. आडवाच यायचा, थांबायचा आणि काही विसरल्यासारखा परत यायचा. एक सर जोरात आली तशी ऋतिका घाबरून उठली आणि खिडकी लावायला तिने चेनीला हात घातला.

नलिनीने तिचं मनगट धरलं.

"राहू दे गो उघडी," ती म्हणाली. "मला बघू दे."