प्रस्तावना परीक्षेला येत नाही

मित्रांनो, मी एक जुना, जाडजूड ग्रंथ आहे. जुना वयानं नाही, ठेवून ठेवून झालेला. माझ्यात एक अख्खं खोटं जग आहे. बेटं, राजघराणी, ड्रॅगन, अगदी बाजारात मीठ कोण विकतो इथपर्यंत. हे जग नुसतं वाचायला नाही, खेळायला बनवलंय. चारदोन जण बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली माणसं होतात. दार उघडायचं की पळायचं, ते ज्याचं त्यानं ठरवायचं आणि फासे टाकायचे. पुढं काय होईल ते कुणालाच माहीत नसतं.

सोलापुरात मला शिवकुमारनं आणलं. तो, वैष्णवी आणि कुमार कॉलेजपासूनचे मित्र. तिघांत मिळून एकच पुस्तक घ्यायचं होतं. मोबाइलवर दोन दिसत होती. एक पातळ, नवख्यांसाठी. दुसरा मी. वैष्णवी म्हणाली, पातळ घेऊ आणि रविवारी खेळायला बसू. पण शिवकुमार स्पर्धा परीक्षेत आपटलेला. पाया कच्चा राहिला म्हणून आपटलो, हे त्याच्या डोक्यात पक्कं. आधी संदर्भग्रंथ, मग खेळ, असं त्यानं ठरवून टाकलं. कुमारनं नेहमीसारखी मान हलवली.

मी आलो तो दसऱ्याला. शिवकुमारची आई नीलम्मा, तिला वाटलं परीक्षेचंच पुस्तक. तिनं मला पाटावर मांडलं आणि कव्हरवरच्या ड्रॅगनच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढले. मी फुगलो. पण वाटोळं तिथंच झालं माझं. पूजा झालेल्या पुस्तकाशी कोण खेळतं?

मला प्लास्टिकचं कव्हर चढलं आणि अभ्यास सुरू झाला. व्हय, अभ्यास! दर रविवारी गच्चीवरच्या खोलीत वंशावळी पाठ व्हायच्या. कुठला तह कुणी मोडला, शिवकुमार विचारायचा. चुकलं की कुमारला टपली. माझ्या ड्रॅगनांचं या लोकांनी जनरल नॉलेज करून टाकलं.

वैष्णवी जवळच्या मंद्रूप गावची, शिकायला होस्टेलवर राहिलेली. तिचं पात्र पहिल्याच दिवशी ठरलं होतं. कुठलंही कुलूप उघडणारी चोरटी. आता सुरू करू या का, असं ती दर खेपेला विचारायची. थोडंच राहिलंय, असं तो दर खेपेला सांगायचा.

मग भावानं तिला पुण्याला बोलावलं, त्याचं बाळ सांभाळायला. बोलावलं कसलं, कळवलं. जायच्या दिवशी ती बॅग घेऊनच खोलीवर आली.

"शिव्या, आज खेळायचं. कुठं जायचं ते एकदा तरी मी ठरवते."

तो कसाबसा तयार झाला. नियम शोधायला त्यानं मला उघडलं. पुढून मागं, मागून पुढं. नियम नव्हतेच. शेवटी कुमारला प्रस्तावना दिसली. तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं, की नियम पातळ पुस्तकात आहेत, आधी ते घेऊन खेळा आणि अडलं तरच मला उघडा. एवढा मला घोकला, पण ते पान शिवकुमारनं कधी वाचलंच नव्हतं. प्रस्तावना परीक्षेला येत नाही ना.

"नसू देत नियम," वैष्णवी म्हणाली. "तू गोष्ट सांग. मी दारापुढं उभी हाय."

"असं कसं? आणि चुकलं तर?"

"चुकलं तर चुकलं की."

शिवकुमार खाली मान घालून पानं उलटत राहिला. ती थांबली, लई वेळ थांबली. मग एसटीची वेळ झाली म्हणाली आणि बॅग उचलून जिना उतरली. माझ्यातली सगळी बेटं जागच्या जागी होती. कुणी गेलंच नव्हतं तिथं.

आता कुमार येत नाही. शिवकुमार मला पुन्हा वाचतोय, या खेपेला प्रस्तावनेपासून. मला ओरडावंसं वाटतं, पण पुस्तकाला कुठला आलाय गळा!

मित्रांनो, पुस्तकं जपा म्हणून तुम्हाला शाळेत सांगतात. मी सांगतो, मला जपू नका. तेलाचे हात लावा, पानं फाटू द्या, नियम चुकू द्या. पण दारापुढं कुणी उभं असेल, तर पानं उलटत बसू नका. माणूस निघून जातं.