सातव्या प्रकरणातला ड्रायव्हर

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाच वाजता हाजराने मला वाचनालयाच्या टेबलावर आपटले. ग्रंथपाल ललिताताईंच्या बशीतला चहा हिंदकळला.

मित्रांनो, मी चौक गावातल्या वाचनालयातली जुनी कादंबरी आहे. माझ्या मुखपृष्ठावर पिस्तूल आणि पांढऱ्या पावडरीचा ढीग आहे. खाली छापले आहे, ‘ड्रग्जविरुद्धच्या युद्धाचा संपूर्ण पर्दाफाश’. मी नवी होते तेव्हा वाचक माझ्यासाठी नंबर लावत. मग माझ्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने शेरे पडू लागले. ‘मंत्रीच गुन्हेगार, हे आधीच कळते.’ ‘वेळ फुकट.’ शेरे खरे होते. माझ्यात मंत्री भाषणे करतात, अधिकारी गोळ्या झाडतो आणि शेवटी सगळे साफ होते. हळूहळू मला कोणी मागेना. मी खालच्या फळीवर गेले आणि तिथेच राहिले.

मागच्या महिन्यात लोधिवलीची हाजरा आली. तिचा भाऊ शारिक टेंपो चालवतो. आमच्याकडचे टेंपोवाले रिकामे परतत नाहीत. माल उतरवला की तिथेच परतीचे भाडे शोधतात, आणि बंद ड्रममध्ये काय आहे हे विचारायची पद्धत नाही. शारिकने साजगावला छपराचे पत्रे उतरवले आणि जवळच्याच एका शेडमधून ड्रम भरले. नाक्यावर पोलिसांनी टेंपो अडवला. ड्रममध्ये ड्रग्ज बनवायचे रसायन निघाले. शारिक कोठडीत गेला.

“अशा केसमध्ये पुढं काय होतं, ते ह्यात असंल ना?” हाजराने तेव्हा विचारले होते. ललिताताईंनी मला फडक्याने पुसून तिच्या हातात दिले होते.

तिने मला स्वयंपाक करता करता वाचले. माझ्या दोन पानांना हळद लागली. ती फक्त ड्रायव्हर शोधत होती. तो सातव्या प्रकरणात येतो. ‘ट्रक पेटला. ड्रायव्हर जागीच संपला.’ त्याला नावही नाही.

म्हणून शुक्रवारची ती आपटणी.

“काय गं, आवडली नाय वाटतं?” वर्तमानपत्रामागून येसाजीकाका म्हणाले. ते इथले रोजचे वाचक. “तो हेलिकॉप्टरचा शॉट भारी हाय.”

“काका, हेलिकॉप्टर घाला चुलीत. ड्रायव्हर कुठाय ह्यात?”

“हाय की. मरतो.”

“आणि त्याला माल कोणी भरून दिला, ते कोण विचारतं?”

काकांनी आठवून पाहिले. “कोणीच नाय बा. पुढं मंत्र्याचं भाषण हाय. ते मी सोडलं.”

ललिताताई हसल्या नाहीत. “दुसरं काही देऊ का गं?”

“वकील म्हणतात, ड्रममध्ये काय होतं ते शारिकला माहीत नव्हतं, हे दाखवावं लागंल. माहीत नव्हतं, ते कसं दाखवायचं, ताई?”

ताईंनी मला उचलून पुन्हा चाळले. माझ्या तीनशे पानांत ते उत्तर नव्हते.

मित्रांनो, पुस्तकाची पाने दुमडू नका, हे तुम्हाला शाळेत सांगतातच. माझे मागणे वेगळे आहे. गोष्टीत कोणी दोन ओळींत मेला, तर तिथे थांबा आणि त्याचे नाव विचारा. मला लिहिणारा थांबला नाही.

सोमवारी शारिकच्या जामिनाची सुनावणी होती. ती झाली नाही, असे येसाजीकाका सांगत आले. पुढची तारीख अजून कळलेली नाही.