वेगळेपणाचे शब्द

कापडगिरणीत रंग जुळवण्यात रंगमास्तरांची हयात गेली. दोन निळ्यांमधला फरक ते एका नजरेत सांगत. निवृत्तीनंतर ते जपानी शिकायला लागले ते जपानमध्ये वाढणाऱ्या नातीसाठी. आठ वर्षांच्या त्या पोरीला मराठीचा गंधही नव्हता. तिची आई, मास्तरांची एकुलती एक लेक, चार वर्षांपूर्वी तिकडेच आजारपणात गेली होती.

लेकीनं तिथल्याच मुलाशी लग्न केलं, तेव्हा मास्तर गेले नव्हते. "तो आपल्यापेक्षा वेगळा आहे," एवढंच बोलून त्यांनी फोन आपटला होता.

त्या दिवशी जपानीच्या वरच्या वर्गात बाई फरक सांगायचे शब्द शिकवत होत्या. "नाना तऱ्हा असतील तर 'सामाझामा'. सारखं असायला हवं, पण ज्याचं त्याचं निराळं, तर 'माचिमाची'. कुणाला नावं न ठेवता नुसता फरक सांगायचा, तर 'कोतोनारु'. 'चिगाउ' मात्र जपून वापरा. वेगळा म्हणता म्हणता चुकीचाही म्हटल्यासारखं होतं."

मास्तरांचं पेन थांबलं.

"काका, काही अडलं का?"

"मी लग्नाला का आलो नाही, हे नवऱ्याला सांगताना माझ्या लेकीनं यातला कुठला शब्द वापरला असेल हो?"

बाईंना काहीच उलगडलं नाही.

रविवारी दुपारी नातीशी व्हिडिओवर बोलून झाल्यावर मास्तरांनी जावयाला थांबवलं. अडखळत, जपानीतच विचारलं, "मी लग्नाला का आलो नाही, तिनं काय सांगितलं तुम्हाला?"

"तुमची तब्येत बरी नव्हती ना? मी दरवर्षी विचारायचो, औषध पाठवू का? ती म्हणायची, आता बरे आहेत."

मास्तरांना गप्प बसता आलं असतं.

"मी ठणठणीत होतो," ते म्हणाले. "तुम्ही वेगळे म्हणून आलो नाही. आणि वेगळे म्हणजे चुकीचे, असंच तेव्हा माझ्या मनात होतं."

"म्हणजे तिनं शेवटपर्यंत तुम्हाला सांभाळून घेतलं," जावई म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. 'आज इथेच थांबू या' म्हणत त्यानं फोन ठेवला.

पुढचे दोन रविवार फोन आला नाही. तिसऱ्या रविवारी आला. पडद्यावर नात एकटीच होती.

"बाबांनी तुम्हाला हे दाखवायला सांगितलंय."

तिच्या हातात लग्नाचा फोटो होता. नवरानवरी, जावयाचे आईवडील, आणि लेकीच्या शेजारी एक रिकामी खुर्ची.

"इथे कोण बसणार होतं, आजोबा?"

"मी," मास्तर म्हणाले.