पाजणीच्या दिवशीची सुई

लतिका मला मुळीच आवडली नव्हती, हे आधीच सांगून टाकते. साल शहात्तर. मी सिंधूताई, नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डाची सिस्टर. ती नर्सिंग कॉलेजातून संशोधनासाठी आलेली. कडक इस्त्रीची साडी, हातात टाइप केलेले कागद, आणि बोलणं असं की इतकी वर्षं आम्ही इथं जणू गोट्याच खेळत होतो. विषय तिचा साधा होता. मधुमेहाच्या पेशंटला नीट शिकवलं तर तो घरी स्वतःला सांभाळतो का? त्यासाठी काही पेशंटना शिकवायचं, काहींना नाही, आणि मग सगळ्यांची तोंडी परीक्षा घ्यायची.

"आणि ज्यांना नाही शिकवलं त्यांचं काय?" मी विचारलं.

"त्यांना नेहमीची माहिती मिळतेच ना, सिस्टर."

नेहमीची माहिती म्हणजे मी राउंडला ओरडते ती. मी म्हटलं, चालू द्या बापा.

शिकवायच्या खोलीत फक्त पेशंटला प्रवेश. बायकांनी बाहेर व्हरांड्यात बसायचं, कारण बायका मधेच बोलतात, उत्तरं सुचवतात आणि त्यानं निकाल बिघडतो म्हणे. बिचाऱ्या मांडीवर डबे घेऊन दाराकडं टक लावून बसायच्या. आता घरी भाकर कोण थापतं, भाजीत काय पडतं हे ज्यांच्या हातात, त्या बाहेर. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण वॉर्डाच्या कामात मला श्वास घ्यायला फुरसत नसे.

तिचा सगळ्यात हुशार विद्यार्थी जागेश्वर. इतवारीच्या पलीकडं कोष्टी मोहल्ल्यात राहणारा विणकर, चाळिशीचा, किडकिडीत आणि हसरा. रोज सकाळी इन्सुलिनची सुई स्वतःच्या मांडीत टोचून घ्यायला तो चार दिवसांत शिकला. काचेची पिचकारी कशी उकळायची, पायाची बोटं रोज कशी तपासायची, सगळं त्याला पाठ. त्यातला मुख्य धडा लतिका दर वेळी बजावून सांगायची. सुई टोचली की अर्ध्या तासात पोटात भाकर गेलीच पाहिजे. नाही गेली तर घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस भलतंच बोलतो आणि पडतो. त्या वेळी लगेच साखर द्यायची. नाही दिली तर माणूस हातचा जातो. म्हणून खिशात कायम खडीसाखर ठेवायची.

जागेश्वरनं हे सगळं आरतीसारखं म्हणून दाखवलं. पैकीच्या पैकी मार्क. लतिका त्या दिवशी चहा पिताना माझ्याशीसुद्धा गोड बोलली.

बाहेर व्हरांड्यात मात्र वेगळंच घडलं. ते मला मागून कळलं, पण इथंच सांगते. तो बाहेर येताच त्याची बायको अनुसया उठून जवळ आली.

"काय सांगतलं जी आतमंदी?"

"साखर म्हंजे जहर. घरात ठेवाचीच नाई."

"अखीन?"

"बस, इतकंच."

आता बाकीचं त्यानं का गिळलं? मी उमरेडच्या कोष्ट्याच्याच घरची, मला हे दुसऱ्या कोणी समजावायला नको. आमच्याकडं कुंकू संपत नाही, वाढतं. दिवा विझला असं कोणी म्हणत नाही. वास्तू तथास्तु म्हणते, त्यामुळं अभद्र शब्द घरात काढायचा नाही. अशा घरातला माणूस बायकोला सांगणार की मी एखाद्या दिवशी पडेन, तू साखर नाही दिली तर मरेन? परीक्षेत तो बेधडक बोलला, कारण ते दवाखान्यात होतं. घरी जीभ उचलेना.

पुढं एकदा त्याची बंडी धुताना अनुसयाला खिशात खडीसाखर सापडली. बाईचं डोकंच फिरलं. म्हणाली, मी घरातला साखरेचा डबा उपडा केला, पोराबाळांच्या चहात गूळसुद्धा बंद केला आणि हे चोरून खाऊन राहिले! तिनं त्याच्या देखत ती खडीसाखर अंगणात मुंग्यांना टाकली. त्यानं पाहिलं आणि नुसतं "बरं" म्हणाला. बोलायची ती शेवटची संधी होती, तीही त्यानं घालवली. असा राग येतो न!

त्यानंतर लतिकाला त्याला घरी सुई घेताना पाहायचं होतं. तेही तिच्या संशोधनातच होतं. पण फक्त पाहायचं, मधे पडायचं नाही, असा तिच्या कॉलेजातल्या मॅडमचा दंडक. गल्ली तिला सापडली नसती म्हणून मी सोबत गेले. रिक्षा इतवारीत हातगाड्यांत अडकली आणि आम्हाला उशीर झाला.

गल्लीत पाजणी चालली होती. पाजणी म्हणजे मागावर चढवायच्या आधी सगळं सूत गल्लीभर ताणून त्याला पिठाची खळ पाजायची आणि कुंचा फिरवत राहायचं. एकदा खळ लागली की सूत सुकेस्तोवर हात थांबवता येत नाही, नाहीतर धागे एकमेकांना चिकटून अख्खा ताणा वाया जातो. म्हणून पाजणी आटोपल्याशिवाय कोणी जेवायला बसत नाही. जागेश्वरनं शिकवल्याप्रमाणं सकाळी वेळेवर सुई घेतली होती. मग खळ घेऊन बाहेर आला. हवा दमट, सूत सुकेना. भाकर चुलीपाशी तशीच झाकलेली.

आम्ही पोचलो तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता. बंडी घामानं चिंब, कुंचा हातातून गळालेला. अनुसयाला तो "काकू" म्हणत होता. शेजारची प्रयागबाई गुळाचं पाणी घेऊन आलेली आणि अनुसया दोन्ही हात पसरून तिच्या आडवी उभी.

"पानी पाजा, वारा घाला, पन गोड नाई! दवाखान्यातून सांगून ठेवलं हाये!"

"वं अनुसये, अशक्तपना हाये तो. जरासा गूळ दे त्याले."

"तुले मारून टाकाचं हाये का त्याईले?"

लतिका एक क्षण तिथंच थबकली. हातातले कागद तिनं सरळ खळीच्या घमेल्यात टाकले आणि पळत गेली.

"बाई, सोडा! साखरच द्यायची आत्ता!"

"तुमीच त सांगतलं न, साखर म्हंजे जहर! याईनं तुमचंच नाव घेऊन सांगतलं!"

मी अनुसयाचा दंड धरला आणि आमच्या बोलीत ओरडले, "सरक वं बाजूले! नाई त खरंच जाईन तो!" ते अभद्र ऐकून ती हबकली आणि हात खाली आले. लतिकानं गुळाचं पाणी थेंबथेंब त्याच्या ओठांत सोडलं, ओला गूळ गालाच्या आतून चोळला. बऱ्याच वेळानं त्यानं घोट गिळला, मग दुसरा. मग डोळे उघडून विचारलं, "ताणा सुकला का?"

लोक हसले. अनुसया नाही हसली.

"मंग ते खडीसाखर यासाठी होती?" तिनं विचारलं.

त्यानं मान डोलावली.

"मी मुंग्याईले टाकली तवा काहून नाई बोलले?"

"घरात असं बोलाव का?"

ती तिथंच मटकन बसली आणि मोठ्यानं रडली. मी कोणाच्याच पाठीवर हात फिरवला नाही. मला दोघांचाही सारखाच राग आला होता.

पुढच्या सोमवारी लतिकानं खोलीचं दार उघडून व्हरांड्यातल्या सगळ्या बायकांना आत बोलावलं. तिच्या मॅडम म्हणाल्या, आता हा निकाल कुठंच धरता यायचा नाही, पहिल्यापासून सुरुवात करा. तिनं केली. तेव्हापासून ती मला आवडायला लागली.

नव्या परीक्षेला जागेश्वर आणि अनुसया शेजारी बसले. लतिकानं प्रश्न यावेळी अनुसयाला विचारला.

"सुई घेऊन यांनी खाल्लं नाही, आणि समजा हे बेशुद्ध..."

अनुसयानं चटकन पुढं होऊन लतिकाच्या तोंडावर हात ठेवला. मग पदराची गाठ सोडली आणि खडीसाखरेचे खडे टेबलावर ठेवले. जागेश्वर त्यांच्याकडं पाहत राहिला. उत्तर त्याला पाठ होतं, पण तोही काही बोलला नाही.

लतिकानं अनुसयाच्या नावापुढं पैकीच्या पैकी मार्क मांडले. अनुसयानं खडे उचलले, पदरात घातले आणि गाठ पक्की मारली.