उद्या बघते

पदवीचा निकाल लागला तेव्हा मला पाचवा महिना होता. वर्गातली बाकीची एकेक करून नोकरीला लागली आणि ग्रुपवर पहिल्या दिवसाचे फोटो टाकू लागली. गळ्यात ओळखपत्र, मागे काचेचं दार. मी प्रत्येक फोटोखाली मनापासून अभिनंदन लिहायचे आणि मग फोटो मोठा करून माणसांच्या मागचं बघत बसायचे. टेबल केवढं आहे, खिडकी कुठे आहे, मॉनिटर एक आहे की दोन. एकीच्या टेबलावर अर्धवट प्यायलेला चहाचा कप होता. तो मी फार वेळ बघितला. चहा विसरून जाण्याइतकं कशात तरी बुडता येतं, याचाच मला हेवा वाटला. आमच्या घरीही चहा गार व्हायचा, पण त्याची कारणं वेगळी.

मुंगी चौदा महिन्यांची होईपर्यंत मी साठेक ठिकाणी अर्ज केले. मुंगी म्हणजे माझी मुलगी. जमिनीवर ठेवली की भिंतीच्या कडेकडेने निघते, म्हणून तिच्या बाबाने ठेवलेलं नाव. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. ज्या दोघांनी दिलं, त्यांना मधलं दीड वर्ष मी काय करत होते ते हवं होतं.

माझी नणंद एका मोठ्या ऑफिसात माणसं घेण्याच्याच खात्यात आहे. तिने माझा अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, "अगं, 'मातृत्व' काय लिहिलंयस? स्वतःच्या हाताने दार लावून घेतेस. 'स्वतंत्र अभ्यास' लिही. विचारलं तर खोटं बोलू नकोस, पण आपणहून दवंडी पिटायची काही गरज नाही."

मी तसं लिहिलं. मुंगी तेव्हा माझ्या मांडीवर बसून बटणं दाबत होती, त्यामुळे 'स्वतंत्र' हा शब्द मला तीनदा लिहावा लागला.

मग एका लहान कंपनीचं उत्तर आलं. दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी, वीस-पंचवीस माणसांची कंपनी. नवशिक्या डेव्हलपरची एक जागा होती. त्यांनी घरी करायला काम दिलं: दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांना वेळा वाटून देणारा छोटा प्रोग्रॅम. मुदत पाच दिवस.

पाच दिवस म्हणजे माझ्या हिशेबी दहा झोपा. मुंगी दिवसा दोनदा झोपते, आणि ती कधी उठेल ते तिलाही माहीत नसतं. कधी चाळीस मिनिटं, कधी अकरा. डोक्यात सगळी मांडणी उभी राहते, हे इथून येईल, ते तिथे जाईल, आणि नेमकं शेवटचं टोक हाताला लागणार तेवढ्यात आतून आवाज येतो. परत येईपर्यंत सगळं विस्कटलेलं. म्हणून मी एक सवय लावून घेतली होती. कोडमध्ये दोन तिरप्या रेघांपुढे जे लिहू ते कॉम्प्युटर वाचत नाही, ते माणसांसाठी असतं. आवाज आला की मी आधी तिथे एक ओळ लिहायचे आणि मगच उठायचे. 'इथे थांबले. रुग्णांची यादी रिकामी आली तर काय, ते ठरवायचं. उठली.' किंवा, 'हे बरोबर वाटतंय पण नीट तपासलेलं नाही. उठली.' एके ठिकाणी नुसतंच 'दात.'

तिसऱ्या दिवशी मुंगीला ताप आला. दीड दिवस ती माझ्या खांद्यावरून खालीच उतरली नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी पाचची मुदत होती. पावणेपाचला नवरा तिला घेऊन खोलीत येरझारा घालत होता आणि दर दोन मिनिटांनी विचारत होता, झालं का. मला त्या सगळ्या ओळी काढून मगच पाठवायचं होतं. पण शेवटची चाचणी पाचला तीन मिनिटं असताना पार पडली, तेवढ्यात मुंगीने त्याच्या अंगावर दूध ओकलं आणि मी बटण दाबून उठले.

त्या ओळी आठवल्या त्या साडेसहाला, तिचं लोकरीचं झबलं पिळताना. नवरा म्हणाला, कोण वाचतंय एवढं. नणंदेला फोन केला. ती म्हणाली की एवढ्यापेक्षा अर्जावर मुलीचा फोटोच चिकटवायचास.

तरीही चौथ्या दिवशी त्यांनी मुलाखतीला बोलावलं. नवऱ्याने अर्धा दिवस रजा टाकली.

समोर टीमच्या प्रमुख बाई एकट्याच होत्या. पन्नाशीच्या आतबाहेर, चष्मा डोक्यावर सरकवलेला. त्यांनी माझं कोड कागदावर छापून आणलं होतं आणि त्या ओळींखाली पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या. सगळ्याच ओळींखाली. माझे कान तापले.

"ही 'उठली' म्हणजे कोण?" त्यांनी विचारलं. "आमच्यातल्या एकाने पैज लावलीय, मांजर म्हणून."

"मुलगी," मी म्हणाले. "माझी. चौदा महिन्यांची."

त्यांनी अर्जाचा कागद उचलून बघितला. 'स्वतंत्र अभ्यास' वाचला असावा, कारण ओठांचा कोपरा जरासा हलला. त्यांनी तिसरं पान माझ्याकडे फिरवलं आणि एका ओळीवर पेन्सिल टेकवली. 'दिवस संपला तर? हे राहिलंय. ताप. उद्या बघते.'

"ते उद्या काही आलं नाही," त्या म्हणाल्या.

मी बघत राहिले. खरंच आलं नव्हतं. त्या दिवसातल्या सगळ्या वेळा भरल्या, तरी माझा प्रोग्रॅम पुढच्या रुग्णाला खुशाल वेळ देत होता. साडेआठ, पावणेनऊ, नऊ. दवाखान्याला कुलूप लागल्यावरही माझे रुग्ण दारात येत राहिले असते. मी ते विसरले असं म्हणणंही शक्य नव्हतं. माझ्याच हाताने लिहिलं होतं की मला ठाऊक आहे.

सबब सांगायचीही सोय नव्हती. ताप तर लिहिलेलाच होता.

"हे मला फार आवडलं, असं समजू नका," बाई म्हणाल्या. "पण नेमकी कुठे चूक आहे, हे शोधायला मला एक मिनिटही लागलं नाही. असं मला कुणी देत नाही. आता ते दुरुस्त करून दाखवा. पाऊण तास."

त्यांनी मला एका छोट्या खोलीत बसवलं. एक टेबल, एक कॉम्प्युटर, फिरती खुर्ची, पाण्याचा ग्लास. जाताना दार ओढून घेतलं. काचेपलीकडे माणसं बोलत होती, हसत होती, आणि आत काहीही ऐकू येत नव्हतं.

पहिली दहा मिनिटं मी वाया घालवली. चार ओळी लिहायच्या आणि थांबायचं, कान टवकारायचे. उठली का? कोणी नव्हतं. मग कधीतरी मी थांबायची विसरले. दिवस संपला तर दुसरा दिवस उघडायचा, त्याच्याही वेळा भरल्या असतील तर तिसरा. सुट्टीचा दिवस मध्ये आला तर तो ओलांडायचा. एक धागा हाताला लागला आणि तो शेवटपर्यंत माझाच राहिला. कुणी ओढला नाही, तोडला नाही. चालवून बघितलं. बरोबर. मुद्दाम वेडंवाकडं देऊन बघितलं. तरी बरोबर.

घड्याळात अजून बारा मिनिटं होती. बाहेर जाऊन झालं म्हणून सांगायला हवं होतं. मी गेले नाही. खुर्ची थोडी मागे घेतली, दोन्ही तळवे टेबलावर ठेवले. टेबल गार होतं. आयुष्यात मला काय हवंय असं कुणी त्या वेळी विचारलं असतं, तर मी म्हणाले असते, हेच, एवढंच, रोज. आणि मग मला इतकं भरून आलं की पाणी प्यावं लागलं.

बाई आल्या तेव्हा मी तशीच बसलेली होते.

"नाही जमलं?"

"जमलं. केव्हाच." मग खरं तेच सांगून टाकलं. "नुसती बसले होते."

त्या वाकल्या, कोड वाचलं, दोनदा चालवलं. अजून दोन उमेदवार आहेत, सोमवारी कळवू, म्हणाल्या. दारापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, "खोल्या इथे भरपूर आहेत. नुसतं बसायला कुणी मागत नाही."

सोमवारी दुपारी फोन आला. पहिले तीन महिने प्रोबेशनचे, नऊ ते सहा, ऑफिसातच. कधीपासून येता, असं विचारलं, तर माझ्या तोंडून 'उद्यापासून' निघालं. पलीकडून हसू आलं. माझा कॉम्प्युटर यायलाच आठवडा लागेल म्हणे.

नणंदेला कळवलं तर ती म्हणाली, ही गोष्ट आमच्या ऑफिसात कुणाला सांगू नकोस, उद्या सगळेच ताप लिहायला लागतील. मग तिनेच पत्ता दिला. दोन इमारती सोडून पहिल्या मजल्यावर एक काकू राहतात. शाळेतून निवृत्त झालेल्या, चार मुलं सांभाळतात. सवय म्हणून आधी रोज तासभर सोडायचं, मग वाढवायचं, असा त्यांचा शिरस्ता.

पहिल्या दिवशी मी पिशवीत दोन झबली, पाण्याची बाटली, तिची मळकी चादर, आणि ती कशाने रडते, कशाने थांबते याची दोन पानी यादी घेऊन गेले. काकूंनी यादी घेतली, न वाचता फ्रिजवर ठेवली आणि मुंगीला कडेवर घेतलं. मुंगीने त्यांच्या गळ्यातली किल्ली पकडली. मी म्हटलं, येते हं. तिने मान वळवली नाही. दार लागलं.

मी जिन्यात उभी राहिले. रडण्याची तयारी करून आले होते, तिच्याही आणि माझ्याही. आतून आधी भांडं पडल्याचा आवाज आला, मग तिचं ते खिदळणं. ते ऐकल्यावर मला तिथे थांबायला काही कारण उरलं नाही.

खाली उतरून इमारतीसमोरच्या बाकावर जाऊन बसले. लॅपटॉप आणला होता. आख्खा तास, कुणी उठणार नाही, कुणी हाक मारणार नाही. तेच दवाखान्याचं कोड उघडलं. पहिली ओळ वाचली, पुन्हा वाचली. तिला दुपारी कुणी थोपटेल का? कशी थोपटतील, पाठीवर की कुशीवर? यादीत मी ते लिहिलं होतं का? तिसऱ्यांदा तीच ओळ वाचली आणि लॅपटॉप मिटला.

चाळीस मिनिटांनी मी वर गेले आणि बेल दाबली. काकूंनी साखळी न काढता दार बोटभर उघडलं.

"अजून वीस मिनिटं आहेत," त्या म्हणाल्या.

"माहितीये काकू. पण म्हटलं, लवकर आलेच आहे तर."

"तिला सवय लागलीसुद्धा. ही वीस मिनिटं तुम्हाला सवय लागण्यासाठी आहेत. जा बरं."

फटीतून खोलीचा एक पट्टा दिसत होता. भिंत, आणि भिंतीच्या कडेकडेने पुढे चाललेला एक छोटा पाय. मग तो पायही पुढे सरकला आणि नुसती भिंत राहिली.

"बरं," मी म्हणाले. काकूंनी दार लावलं, आणि मी एकेक पायरी मोजत खाली उतरू लागले.