शून्य पॉइंट आठची रेघ

तुम्ही जमीन कधी पाहिलीच नाही. तुम्ही कागद पाहिलात, आणि कागदावर जे दिसलं नाही ते जमिनीवरून उचलायला माणसं पाठवलीत. हे काम तुमचं आहे. तेव्हा कान झाकू नका, ऐका.

नकाशा कचेरीत तिसऱ्या मजल्यावर एक आरेखक बसतो. चोवीस वर्षं त्याने हाताने नकाशे काढले. कचेरीत त्याला रेघोबा म्हणतात. आता सगळं संगणकावर होतं, त्यामुळे जुन्या कागदांवरची धूळ झटकायची, एवढंच त्याला उरलंय. निवृत्तीला चार महिने आहेत.

त्या दिवशी दुपारी त्याची धाकटी बहीण तीन जिने चढून आली. ती कपडे शिवते. गळ्यात मोजमापाची फीत तशीच लोंबत होती.

"दादा, हे वाच. चुकून आलंय बहुतेक."

त्याने वाचलं. तिचं घर पश्चिम विभागात सरकारी जमिनीवर आहे, पंधरा दिवसांत रिकामं करा.

"पण मी पूर्वेत आहे ना रे? मत पूर्वेत देते. घरावर नंबर पूर्वेचा. बत्तीस वर्षं झाली."

देश एकच आहे, पण जमिनीच्या बाबतीत तो एक नाही. पश्चिमेत सरकार आधी पोचलं आणि माणसं मागून आली, म्हणून तिथे दर दहा एकरांतले आठ सरकारचे. पूर्वेत माणसं आधी पोचली, सरकारच्या वाट्याला शंभरात एक एकर आला. म्हणून पूर्वेत तीस वर्षं एका जागी चूल पेटवली की जागा तुमची. पश्चिमेत तीनशे वर्षं पेटवा, धूर तुमचा आणि जागा त्यांची.

आरेखक उठला. त्याने खालच्या कप्प्यातून तो कागद काढला. कोपऱ्यात सही त्याचीच होती, एकवीस वर्षांपूर्वीची. शेजारी संगणकावर बसणाऱ्या मुलीने नोटिशीतले आकडे घालून घराची जागा शोधली आणि जुन्या नकाशावर पेन्सिलीने टिंब दिलं.

"काका, टिंब रेघेतच बुडालं की."

तो भिंगातून बघत राहिला. मोजणीदाराच्या मूळ कागदावर ही सीमा शून्य पॉइंट दोन मिलिमीटरच्या निबाने काढलेली होती, घराच्या बरीच मागून जाणारी. त्या महिन्यात त्याचं पॉइंट दोनचं निब तुंबलं होतं. भांडारवाला म्हणाला होता, अर्ज तीन प्रतींत द्या, निब पुढच्या तिमाहीत. साहेब म्हणाले होते, कागद शनिवारी हवा. त्याने पॉइंट आठचं निब घेतलं. या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर पन्नास मीटर. त्याची रेघ चाळीस मीटर रुंद झाली.

एवढ्याशा पट्ट्यात कोण राहणार, असं तेव्हा त्याला वाटलं होतं. त्याच वर्षी सुट्टीत तो बहिणीकडे आठ दिवस राहून आला. मागच्या दारी लिंबाच्या झाडाखाली पाय पसरून बसला. आपण आपल्याच रेघेत बसलोय, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

पुढे संगणकावर नकाशे चढवताना पश्चिमेचं फर्मान निघालं: रेघ जाड असेल तिथे सरकारच्या फायद्याची कड धरावी. धरली.

"म्हणजे ही तू काढलीस?" बहिणीने विचारलं.

"हो."

"हात हलला होता का?"

"नाही. सरळ आली होती. साहेबांनी शाबासकी दिली होती."

ती कागदाकडे बघत म्हणाली, "दोन खोल्या मावल्या, शिलाई मशीन मावलं, लिंबाचं झाडसुद्धा मावलं. ऐसपैस आहे हो तुझी रेघ."

संगणकवाली हसली आणि लगेच पडद्याकडे वळली. आरेखकाला रडू यायला हवं होतं. निदान राग तरी. त्याला फक्त टेबलावर टेकलेली कातडी गार झाल्यासारखी वाटली, आणि ती कातडी त्याच्याच हाताची होती.

त्याने पूर्व विभागाला फोन लावला. पलीकडचा माणूस जांभई देत बोलला, "आमच्याकडे सरकारी जमीनच नाही म्हणा ना. तिच्यासाठी खातं नाही, माणूस नाही. भांडायला पाठवू कुणाला?"

मग तो साहेबांकडे गेला. साहेबांनी दार लावून घेतलं.

"लिहून देऊ नका, रेघोबा. त्या कागदावर त्या रेघेखाली अजून एकोणीस घरं आहेत. सगळी येतील."

"येऊ देत की."

"आणि तुमचं पेन्शन? चूक तुमची म्हणतील."

"चूक माझीच आहे, साहेब. निब तुमचं होतं."

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. आरेखक जागेवर परतला. बहीण फीत बोटांभोवती गुंडाळत बसली होती.

"जेवलीस का?" त्याने विचारलं.

"घरी जाऊन जेवीन. आहे तोवर."

त्याने कोरा कागद घेतला. तुंबलेलं पॉइंट दोनचं निब अजून डबीत होतं. त्याने ते कोमट पाण्यात धरलं, शाईची खपली सुटेपर्यंत. त्याला अर्धा तास लागला. एकवीस वर्षांपूर्वीही अर्धाच तास लागला असता. मग त्याच निबाने त्याने तुमच्या, पश्चिम विभागाच्या, नावे अर्जाच्या तीन प्रती लिहिल्या, खाली सही केली आणि आवक विभागात शिक्का मारून घेतला.

त्याला सहा दिवस झाले. उत्तर नाही. पंधरातले नऊ उरलेत. बहिणीने मशीन हलवलेलं नाही. एका गिऱ्हाईकाचा ब्लाउज अर्धा शिवून ठेवलाय.

अर्जात त्याने लिहिलंय ते इतकंच: सीमेची ही रेघ मी काढली, ती चुकीच्या निबाने काढली, जमिनीवर ती रेघ नाही. या चाळीस मीटरांत वीस घरं आहेत. मूळ कागद सोबत जोडला आहे. तो बघा आणि माझ्या बहिणीचं घर कोणत्या बाजूला आहे ते सांगा. विचार चालू आहे, असं कळवू नका. बाजू सांगा. लेखी, आणि खाली सही तुमची.